मजबूत होईल, साहेब!

घरी लोटस सेव्हन या उघड्या, दोन सीटांच्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची हलकी गाडी बांधतोय, आणि अख्ख्या नाशकाला ती जड करायची आहे! अंबडच्या फॅब्रिकेटरकडे २५ बाय २५ चा, १.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप मागितला. दरवेळी ३ मिमीचाच कापून ठेवतो. "मजबूत होईल, साहेब!" अरे बाबा, सोसायटीचं गेट नाही करायचंय! १.६ चा पाइप मीटरला साधारण १.२ किलो, ३ चा जवळपास २ किलो. सगळी चेसिस (गाडीचा सांगाडा) तशी केली की ३०-४० किलो फुकट वाढले, वर इंजिन ओम्नीचं, ७९६ सीसीचं. ओढणार कोण?

मजबुती जाडीतून नाही, त्रिकोणातून येते. चौकटीत तिरका पाइप घातला की ती पिळवटत नाही. लोटसच्या कॉलिन चॅपमनने १९५७ साली हेच करून सुमारे ५०० किलोत गाडी बसवली. पण आमचा वेल्डर नेमका तो तिरकाच गाळतो, "दिसायला बरं नाही" म्हणून! दिसायला!!

घरी काय वेगळं? काका येतात, चेसिसला लाथ मारून बघतात (हो, लाथ) आणि म्हणतात, "पत्रा पातळ वाटतो रे. खाली एक चॅनेल टाकून घे." शेजारच्या वहिनींना छत हवंय, मेव्हण्याला एसी.

काल परत फोन आला. "साहेब, १.६ संपलाय, २.५ चालवून घ्या ना. पैसे तेवढेच लावतो."