कुवत आणि मेट्रोचा पास

भाचीने नाशिकहून एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "खरंय का गं मावशी?" यंदा ती इकडे अमेरिकेत शिकायला येतेय, म्हणून कुणीतरी कौतुकाने तिला धाडला असणार. मजकूर असा: अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या घरांतल्या, मुलांना शिक्षणाची किंमत नाही, इंग्रजी येत नाही, सरकार सगळं फुकट देतं, तरी ती कॉलेज अर्धवट सोडतात, कारण मुळात कुवतच नाही. शेवटी 'आपली मुलं बघा' आहेच.

किंमत नाही? प्यू रिसर्च या पाहणी करणाऱ्या संस्थेचा आकडा आहे: 2012 साली हायस्कूल संपवलेल्या हिस्पॅनिक मुलांपैकी 69 टक्के लगेच कॉलेजात गेली, गोऱ्यांपैकी 67. इंग्रजीचं सोडाच, यातली बहुतेक इथेच जन्मलेली.

फुकट म्हणे! गरीब घरांतल्या मुलांना सरकारची पेल ग्रँट मिळते, पण तेवढ्यात घरभाडं भागत नाही. इथे राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्यांना तर फेडरल मदत एका डॉलरचीही नाही. 1982 च्या प्लायलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यांना शिक्षणाचा हक्क दिला, तो शाळेपुरताच.

आता 'कुवत'. हा शब्द वाचून माझं डोकंच फिरलं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या कॉलेजांत, 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. एमडीआरसी या संस्थेने तो तपासायला गरीब घरांतली, प्रवेशाच्या वेळी कच्ची ठरलेली सुमारे 900 मुलं घेतली, त्यांत हिस्पॅनिक सर्वाधिक. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला फीची उरलेली रक्कम, पुस्तकं, मेट्रोचा पास आणि सतत पाठीशी राहणारा सल्लागार मिळाला; मुख्य अट, पूर्णवेळ शिकायचं. दुसऱ्या गटाला नेहमीचंच. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 40 टक्के पदवी घेऊन बाहेर पडले, दुसऱ्यातले 22. मेट्रोच्या पासाने कुवत वाढते असं फॉरवर्डवाल्यांना म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

हिस्पॅनिक मुलांचं पदवीपर्यंत पोचण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी आहे, एवढं खरं. नाइलाजाने मान्य. पण त्यांतली पुष्कळशी नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकतात. घरी पैसे कमी पडले की कामाचे तास वाढवून घेतात आणि आधी कॉलेज सुटतं.

राहिली 'आपली मुलं'. आपल्यातले बरेचसे पदव्या खिशात घालूनच विमानात बसलो. माझ्या मुलीचा आर्थिक मदतीचा फॉर्म भरायला घरात दोन इंजिनिअर बसले होते. तरी तो फॉर्म, फाफ्सा म्हणतात त्याला, आम्हाला दोनदा भरावा लागला.