गाडीखालचं वेटोळं आणि रबरी टायरची भाकडकथा

आतच राहायची सोय असलेली व्हॅन, म्हणजे कॅम्पर, घेऊन कोकणात उतरणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'कॅम्परची करंट केबल, सहा सोन्यासारख्या टिप्स'. मला तो चार ठिकाणांहून आला. त्यातला एक आमच्या सोसायटीतल्या काकांकडून, ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही. सहापैकी पाच टिप्स चुकीच्या किंवा अर्धवट आहेत आणि त्यातल्या दोन जिवावर बेतणाऱ्या आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हॅन मुक्कामी लागली की बाहेरच्या बोर्डातून गाडीत २३० व्होल्ट आणणारी जी जाड केबल असते, ती ही. याला शोअर पॉवर म्हणतात, कारण मूळ चाल बोटींची : धक्क्याला लागलेली बोट आपला जनरेटर बंद करून किनाऱ्यावरची वीज घेते. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं खरं, पण रेवसपासून रेडीपर्यंत आपला मुक्काम अजून बहुतेकदा कुणाच्या तरी अंगणात, माडापोफळीत असतो आणि वीज पडवीतल्या बोर्डातून घ्यावी लागते. तो बोर्ड कुणी, कधी, कसा बसवला ते देव जाणे.

पहिली टीप : 'लागेल तेवढीच केबल उघडा. उरलेलं वेटोळं गाडीखाली सावलीत ठेवा, केबल थंड राहते.'

हे मी स्वतः करून बसलोय. मे महिना, अंजर्ले. माझी केबल वीस मीटरची, दीड एमएमची (म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेचा छेद दीड चौरस मिलिमीटर). बोर्ड सात मीटरवर, म्हणून बाकीची तेरा मीटर छान गोल गुंडाळून गाडीखाली सारली आणि वर पोतं टाकलं, कोंबड्या चोच मारू नयेत म्हणून. रात्री एसी चालू होता, त्यात इंडक्शनवर भात लावला. दहाच्या सुमारास जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. आधी वाटलं शेजारी कुणी कचरा जाळतंय. पोतं उचललं तर वेटोळ्याला हात लावता येईना. मधले पदर एकमेकांना चिकटून गूळ झाले होते.

हिशेब साधा आहे. वीस मीटर केबल म्हणजे करंट जाऊन परत येण्याची वाट चाळीस मीटर. दीड एमएमच्या तांब्यात तिचा रोध साधारण अर्धा ओहम भरतो. एसी आणि इंडक्शन मिळून तेरा अँपिअर धरा. तेराचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे पंचाऐंशी-नव्वद वॅट नुसते केबल तापवण्यात जातात. सरळ पसरलेल्या केबलला हे जाणवतही नाही, मीटरमागे जेमतेम साडेचार वॅट, वाऱ्यावर निघून जातात. पण तेरा मीटर एकावर एक रचली की साठ वॅटच्या आसपास उष्णता एका घमेल्याएवढ्या जागेत कोंडते. जुना साठचा पिवळा बल्ब गोधडीत गुंडाळून रात्रभर पेटता ठेवला तर काय होईल? साध्या पीव्हीसीची सहनशक्ती सत्तर अंशांची. सावलीचा इथे संबंधच नाही, उष्णता बाहेरून येत नाहीये. बऱ्याच केबल रीळांवर दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेली असताना इतके वॅट, पूर्ण उघडल्यावर इतके. ते शोभेसाठी नसतात.

याच्या उलट टोकाचेही लोक भेटतात : 'गुंडाळी केली की चुंबक तयार होतं आणि वीज खातं.' तेही खोटं. एकाच केबलीत जाणारा आणि येणारा करंट शेजारी-शेजारी उलट दिशेने वाहतात, त्यामुळे चुंबकत्व जवळजवळ कटून जातं. अख्ख्या केबलीभोवती क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा) लावून बघा, शून्याच्या आसपासच दाखवेल. दोष वेटोळ्यात कोंडलेल्या उष्णतेचा. आणि पंखा, दिवे, मोबाइल एवढंच चालवायचं असेल तर दोन अँपिअरला त्याच केबलीत दोनच वॅट होतात, तेव्हा वेटोळं खुशाल राहू द्या. एसी लावायचा असेल तर मात्र सगळी उघडून गाडीखाली सैल नागमोडी पसरायची. मी आता अडीच एमएमच्या दोन केबली ठेवतो, एक सातची, एक पंधराची. गरजेपुरती बाहेर काढतो.

दुसरी टीप : 'जुन्या घरात दोन-पिनी किंवा सहाचा सॉकेट असेल तर कन्व्हर्टर लावा. अर्थिंगची चिंता नको, गाडी रबरी टायरवर उभी असते.'

कन्व्हर्टर म्हणजे एका मापाच्या पिना दुसऱ्या मापाच्या सॉकेटात बसवणारा जोड. ही टीप लिहिणाऱ्याला मी एकदा ओल्या अंगणात अनवाणी उभं करीन म्हणतो. टायर गाडीला जमिनीपासून तोडतात, तुम्हाला नाही. गाडीतल्या किटलीचं किंवा चार्जरचं इन्सुलेशन फाटलं आणि फेज पत्र्याला लागला, तर अर्थिंग असताना तो करंट धावत जमिनीत जातो आणि ब्रेकर पडतो. अर्थिंग नसेल तर कुठेच जात नाही. अख्खी गाडी २३० व्होल्टवर निमूट उभी राहते, दिवे चालू, पंखा चालू, सगळं झकास. मग कुणीतरी समुद्रावरून येतं, ओल्या पायांनी, आणि दाराची कडी धरतं. जमिनीपर्यंतची वाट आता त्याच्या अंगातून जाते. म्हणजे रबरी टायर हे अर्थिंग जास्त लागण्याचं कारण झालं.

त्यात कोकणातली अर्थिंग म्हणजे बेभरवशाचा कारभार. एप्रिल-मेमध्ये जांभा वाळून खडखडीत होतो आणि मीठ-कोळसा घातलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात नसतं. तिसरं भोक आहे म्हणून त्याच्या मागे अर्थिंग आहे असं समजू नका. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो लावून बघा. अर्थिंग चांगली की यथातथा हे त्यातून कळत नाही, पण मुळात नसेल तर कळतं. गाडीत केबल खोचतो त्या इनलेटलगत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखणारा ब्रेकर, हवीच. गेलेला आणि परतलेला करंट जुळला नाही की ती क्षणात तोडते, अर्थिंग वाईट असली तरीही. फक्त तेव्हा ती तुम्हाला झटका बसल्यावर तोडते, एवढा फरक. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा.

कन्व्हर्टरबद्दल एकच. सहा अँपिअर गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. कन्व्हर्टर लावून सहा अँपिअरचा सॉकेट सोळाचा होत नाही. अशा घरी मी भात गॅसवर लावतो.

तिसरी, 'दोन केबलींच्या जोडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, पावसाची काळजी मिटली'. मिटत नाही. रात्रीच्या दमट हवेने पिशवीला आतून घाम सुटतो, वरून केबलीवरून ओघळलेलं पाणी गाठीतून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. जोड जमिनीवर ठेवूच नका. पडवीच्या वाशाला किंवा गाडीच्या आरशाला टांगा आणि दोन्हीकडे केबलीला खाली झोका द्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी टपकतं, जोडात उतरत नाही. निळे झाकणवाले इंडस्ट्रियल जोड वापरत असाल तर आयपी-४४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण. डबक्यात पडूनही टिकायला आयपी-६७ लागतं.

चौथी, 'खाऱ्या हवेसाठी पिनांना खोबरेल तेल'. रोग खरा आहे. तारकर्लीला आठ दिवस राहिलात तर पितळी पिनांना हिरवा कळंक चढतो, आणि कळकलेली पिन सॉकेटात तापते. पण तेलाला बारीक वाळू चिकटते आणि तीच सॉकेटात जाते. त्यापेक्षा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुती फडक्याने पुसा. केबलीवरचं मीठ गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने काढा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आरसीसीबी विनाकारण पडायला लागते ती बऱ्याचदा यामुळेच.

पाचवी टीप गुंडाळण्याची : 'अंगठा ते कोपर, मग हवाबंद पिशवीत टाकून पावसाळाभर ठेवा.' यावर मला मालवणच्या धक्क्यावर एका आजोबांनी चार शब्दांत उत्तर दिलं होतं : "कोपरार गुंडाळू नको, पीळ पडता." कोपरावरच्या प्रत्येक फेऱ्याला केबलीला एक पीळ बसतो, आतल्या बारीक तारा एकाच जागी वाकून वाकून तुटतात आणि पुढच्या वेळी केबल सापासारखी उसळते. त्यांनी दोर गुंडाळायची रीत दाखवली. एक वेढा सरळ, दुसरा मनगट उलटं फिरवून आतून. सरळ-उलट, सरळ-उलट. पीळ आपोआप कटतो आणि टोक धरून फेकली की केबल सुळकन उलगडते. हात बसायला दोन संध्याकाळी लागल्या.

ठेवण्यासाठी मी आंब्याचा जाळीचा क्रेट वापरतो. हवाबंद पिशवीत चार महिन्यांत बुरशी धरते, गोणपाट ओल धरतं आणि उंदरांना आयतं घर होतं. क्रेट फळीवर, जमिनीपासून वर. गणपतीच्या आधी केबल बाहेर काढून सगळी हातातून सरकवत तपासायची, कुठे कुरतडली आहे का, कुठे कडक झाली आहे का.

लावण्या-काढण्याच्या क्रमाबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. लावताना आधी गाडीचा मेन बंद, मग केबल गाडीला, सगळ्यात शेवटी बोर्डाला. काढताना आधी बोर्डाकडून. आणि दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली केबल कुणी देऊ केली तर तिथल्या तिथे कापा, एक टोक बोर्डात घातलं की तिच्या दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत करंट असतो.

सहावी टीप मात्र चोख आहे : 'निघताना केबल विसरू नये म्हणून गाडीची चावी बोर्डाशेजारी टांगा.' मी ती जशीच्या तशी पाळतो. भोगव्यात ज्यांच्या अंगणात उतरतो त्या काकी पहिल्या दिवशी चावी बघून म्हणाल्या, "ही हयसर कित्याक टांगलंस?" सांगितल्यावर त्यांनी त्याच खिळ्यावर विळा अडकवला. सकाळी नारळ पाडायला माणूस येणार होता, आणि गाडी माडाखालून हलवायची मला आठवण राहावी म्हणून.