मंद आजीवर भाजून घ्या

भाच्याने पाककृतींचं संकेतस्थळ काढलं तेव्हा म्हणाला, "मामा, फक्त नाव द्या, काम काही नाही." 'काम काही नाही' म्हणून गळ्यात पडलेलं सोसायटीचं खजिनदारपद मी ९ वर्षं भोगलंय. तरी हो म्हटलं. झालं, संकेतस्थळाच्या तळाशी माझं नाव आणि 'तक्रार निवारण अधिकारी' हा हुद्दा झळकला. २०२१ च्या आयटी नियमांनुसार असा माणूस नेमावा लागतो आणि त्याने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते. बँकेतल्या आख्ख्या नोकरीत मी कोणाला २४ तासांत पोच दिल्याचं आठवत नाही.

पहिली तक्रार आली ती नेमकी वसुबारसेला, संध्याकाळी ६ वाजता. सांगलीच्या एका काकूंची. "माझी चकलीची भाजणी शब्दन् शब्द उचलली आहे. वर फोटोही माझाच. चोर डोंबिवलीचा आहे."

नियम काढून बसलो. कॉपीराइट नियम २०१३, नियम ७५: लेखी तक्रार आली आणि तिच्यात तथ्य वाटलं, तर ३६ तासांत मजकूर उतरवायचा. तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही, तर तो पुन्हा चढवायला हरकत नाही. ३६ तास बोटांवर मोजले. मुदत संपत होती नरक चतुर्दशीच्या पहाटे ६ ला, म्हणजे ऐन उटण्यात.

शिवाय डोंबिवलीचा चोर म्हणजे माझी सख्खी ताई. भाच्याची आई.

फोन केला. "अरे, ती आपल्या आईची भाजणी आहे!" ताई कडाडली. "४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभऱ्याची डाळ, १ वाटी उडदाची. सांगलीचा काय संबंध?"

इथपर्यंत कायदा ताईच्या बाजूने होता. मापावर कोणाचाच हक्क नसतो. ते माप ज्या शब्दांत मांडलं, त्या शब्दांवर असतो. आणि तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. आई २००३ ला गेली. तिने भाजणी लिहून ठेवली असती तर २०६३ अखेरपर्यंत आम्हा भावंडांना मिरवता आलं असतं. पण आईने कधी काही लिहिलंच नाही. विचारलं की म्हणायची, "अंदाजाने घाल." अंदाजावर कॉपीराइट मिळत नाही.

मग दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवले. काकूंचा २०१८ चा, ताईचा गेल्या महिन्यातला. तिसऱ्या ओळीत काकूंनी लिहिलं होतं, "डाळी मंद आजीवर भाजून घ्या." आचेवरची आजी फोनने केली असणार. ताईच्या तिसऱ्या ओळीतही डाळी आजीवरच भाजल्या जात होत्या.

"ताई, हे आजीवर काय आहे?"

क्षणभर शांतता. मग म्हणाली, "आजी होतीच आपली मंद. चहा ठेवला की तासाने यायचा."

मजकूर उतरवला. राहिला फोटो. एकच फोटो, दावेदार दोघी. निवाडा करायचा कसा? चकलीला काटे असतात, सही नसते.

शेवटी बायकोला हाक मारली. बायकोने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो ताणून मोठा केला. चकल्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मागे लोण्याची स्टीलची वाटी होती, तिच्या काठावर काहीतरी कोरलेलं होतं. बायकोने अक्षर अक्षर लावून वाचलं. तिचं माहेरचं नाव, 'मामाकडून', आणि खाली आमच्या लग्नाची तारीख.

"ही वाटी," ती अतिशय शांतपणे म्हणाली, "डोंबिवलीच्या डोहाळजेवणाला गेली होती. श्रीखंड भरून. त्या वेळी पोटात असलेल्या मुलाने आता संकेतस्थळ काढलंय."

ताईचं निर्दोषत्व इतक्या भक्कम पुराव्याने क्वचितच कोणाचं सिद्ध झालं असेल. वाटी डोंबिवलीत, म्हणजे फोटोही डोंबिवलीतलाच. हल्ली लोक फोटोवर आपलं नाव फिक्कट अक्षरांत उमटवतात, आणि कोणीही ते खोडून टाकतं. भांडीवाल्याने टकटक करत घातलेलं नाव मात्र दोन दशकं तारेच्या घासणीला पुरून उरलं होतं. मी उत्साहाने काकूंना कळवलं, की फोटोची तक्रार फेटाळली आहे. ताईलाही कळवलं, की मजकूर गेला, फोटो वाचला, तोही एका वाटीमुळे.

"कुठली वाटी?" ताईने विचारलं. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण फोन कट झाला.

नरक चतुर्दशीला पहाटे पाटावर बसलो होतो. बायको उटणं लावायला आली ती हातात एक कागद घेऊन. वर तारीख, खाली सही, विषय : स्टीलची वाटी, नग १.

"अहो," ती म्हणाली, "पोच द्या."