निळूभाऊंना वाड्यात कोंडू नका

फोंड्यातल्या आमच्या हौशी नाट्यमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या महिन्यात निळू फुले यांच्याविषयीचा एक मजकूर आला आणि दोन दिवसांत तोच मला आणखी तीन ठिकाणी भेटला. त्याचा आशय थोडक्यात असा: निळू फुले यांनी जन्मभर बाईवर वाईट नजर ठेवणाऱ्या सरपंचाची एकच भूमिका केली, ‘बाई, वाड्यावर या’ हे त्यांचे लक्षात राहिलेले एकमेव वाक्य, तो अभिनय नव्हताच, मूळ स्वभावच तसा, म्हणून तर बायका त्यांना शिव्या घालत, आणि आज त्यांचा वारसा मोबाइलवरच्या थट्टेपुरता उरला आहे. मजकुराखाली हसणारे चेहरे पुष्कळ होते, त्यांत नाटकात काम करणारेही होते, म्हणून हे लिहिणे आले.

आधी त्या वाक्याचे पाहू. ते कोणत्या चित्रपटातले, असे मी मजकूर पाठवणाऱ्या चौघांना विचारले. एकालाही सांगता आले नाही. मलाही ते नकलाकारांच्याच तोंडून ऐकल्याचे आठवते. (गोव्यात वाडा म्हणजे गावातली वस्ती, त्यामुळे इथल्या एखाद्या जुन्या माणसाने ‘कुठल्या वाड्यावर?’ असे विचारले तर त्याला दोष देता येणार नाही.) ज्या वाक्यावर एका नटाचे सारे आयुष्य तोलायचे, त्याचे मूळ तरी दाखवता यायला हवे.

एकाच भूमिकेचा आरोप मात्र नीट तपासण्यासारखा आहे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. ‘एक गाव बारा भानगडी’मधला त्यांचा झेलेअण्णा गाजला आणि त्यानंतर ग्रामीण पटांच्या निर्मात्यांनी त्यांना तेच धोतर, तीच टोपी आणि तीच तिरकी नजर पुन्हा पुन्हा दिली. त्यांतले कित्येक चित्रपट आज पाहवत नाहीत, हे मी मान्य करतो. पण १९७५ सालचा, जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ याच साच्यातून निघाला आहे असे वाटत असताना साचाच कसा मोडतो, ते पाहावे. हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखानदार गावात आलेल्या एका दारुड्या मास्तरला घरी आणतो, त्याला खाऊपिऊ घालतो, त्याच्याशी मनातले बोलतो. आणि ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा त्या पाहुण्याचा प्रश्न त्याच यजमानाचा पाया खणत जातो. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर आपल्या समोर हळूहळू उलगडत जातो, तर फुल्यांचा हिंदुराव हळूहळू मिटत जातो. आवाज चढवणे त्यांना फारसे लागत नाही. शब्द जरा ओढायचा, वाक्य अर्ध्यावर सोडायचे आणि समोरच्याकडे पाहायचे, एवढ्यावर ते सत्ता उभी करतात. हिंदुरावाची मास्तरवरची माया खरी वाटते, आणि ती खरी वाटते म्हणूनच त्याच्या हातून घडलेल्या गुन्ह्याने अंगावर काटा येतो. आमच्याकडे पाटील नव्हते, भाटकार म्हणजे जमीनमालक होते. पण मुंडकाराची, म्हणजे आपल्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, आपुलकीने विचारपूस करता करता त्याच्या घराखालची जमीन आपली असल्याची आठवण देणारा भाटकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हिंदुराव परका वाटणार नाही.

त्यानंतरच्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. मंत्री, पुढारी, संपवाले असे सगळे या माणसाला दिसतात, सगळे कळते आणि हातात काहीच नसते. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या या चित्रपटात वाडा नाही, सरपंच नाही, बाईवर नजर नाही. रंगमंचावर तर अंतर आणखी वाढते. १९७२ सालच्या ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम टाकलेल्या बायकांना घरी आणतो आणि आपल्या अटी उघडपणे ऐकवतो. वरवर पाहता हा त्या मजकुराला हवा तसाच पुरुष आहे; पण या पुस्तकबांधणीवाल्याचा उद्धट मोकळेपणा आणि पुढे त्याच्या पुरुषीपणाची होत जाणारी पडझड दाखवणे हे नुसत्या तिरक्या नजरेचे काम नव्हते. सेन्सॉरच्या आक्षेपांमुळे ते नाटक उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. आणि गोव्यातल्या हडफड्यात जन्मलेल्या, आरवलीत वाढलेल्या जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये त्यांनी साकारलेले अप्पाजी हे वृद्ध गांधीवादी, मुख्यमंत्री झालेल्या स्वतःच्या मुलासमोर उभे राहणारे. हिंदुराव आणि अप्पाजी एकाच नटाने केले, एवढे कळले तरी तो मजकूर पुढे पाठवणारे बोट थबकायला हवे.

‘तो स्वभावच होता’ या विधानाला खरे तर उत्तरही देऊ नये. खेड्यांतल्या बायका त्यांना बोल लावत, ही आठवण नेहमी सांगितली जाते; ती त्यांच्या कामाची पावती आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडलेला, पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात बागकाम केलेला, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला हात देणारा. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी डॉ. लागूंच्या सोबतीने ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले, ते कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून.

राहिला वारसा. १३ जुलै २००९ रोजी ते गेले, तेव्हा आजची थट्टेची चित्रे नव्हती. तरी आमच्याकडच्या देवळांच्या उत्सवी नाटकांत खलनायकाच्या वाट्याला आलेला मुलगा तालमीत त्यांचीच चाल उचलायचा आणि अजून उचलतो. चूक एवढीच की तो चाल घेतो, थांबणे घेत नाही. यंदाच्या आमच्या तालमीत भाटकाराचे काम करणाऱ्या पोराने पहिल्याच प्रवेशात गुरगुरायला सुरुवात केली, तेव्हा मी त्याला ‘सामना’ पाहायला लावला. दुसऱ्या दिवशी त्याने मुंडकाराला आधी चहा विचारला.