फ्रिज होता तिथे

कुरिअरवाल्याचा फोन दुपारी दोनलाच येतो. गोव्यात दोन ते चार ही वेळ कशाची, हे कुरिअर कंपन्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. मागे एकदाही असाच डोळा लागतोय तोच फोन वाजला.

"सर, आल्टो के पास खड़ा हूँ."

"कुठल्या आल्टोकडे?"

"सफेद आल्टो. आपने ही लिखा है ना, आल्टो पर्वरी."

आता यात त्याची काय चूक? पोर्तुगीजमध्ये 'आल्त' म्हणजे उंच. खाली मांडवीच्या काठाला बेती आणि वर पठारावर आम्ही, म्हणून आमचं आल्त पर्वरी. मोटारीच्या कितीतरी आधीचं हे नाव. पण भर उन्हात हेल्मेट घालून उभ्या असलेल्या पोराला व्युत्पत्ती काय सांगणार! म्हटलं, "ती गाडी सोड आणि तीन बिल्डिंगकडे ये."

"सर, यहाँ तो पचास बिल्डिंग हैं."

हेही खरंच. नाव पडलं तेव्हा त्या माळावर तीनच असतील. आता आभाळ दिसत नाही इतक्या झाल्या, तरी रिक्षावाल्यापासून मासळीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी 'तीन बिल्डिंग'च. त्यातल्या नेमक्या तीन कुठल्या, यावर मात्र दोघांचं एकमत होत नाही.

आमच्या पत्त्याची गंमत मुळातच अशी, की पर्वरी नावाची पंचायतच नाही. सुकूर, पेन्ह द फ्रान्स आणि साल्वादोर द मुंद अशा तीन पंचायतींत पर्वरी वाटून गेलीय. घरपट्टी एकीकडे आणि समोरच्याचा कचरा दुसरीकडे असा संसार. सुकूर म्हणजे मूळचं 'सोकोर्रु', अर्थ मदत. साल्वादोर द मुंद म्हणजे जगाचा तारणहार. एका बाजूला मदत, दुसऱ्या बाजूला साक्षात तारणहार, आणि मधे माझं पार्सल तीन दिवस फिरतंय.

पेन्ह द फ्रान्सचा फ्रान्सशी तसा थेट संबंध नाही. पेन्या दे फ्रान्सिया नावाचा एक डोंगर आहे, तोही स्पेनमध्ये. तिथल्या मेरीमातेचं नाव पोर्तुगालमार्गे आमच्या टेकडीखाली येऊन पोचलं. हे मला माहीत, पण पुण्याच्या आत्याला नाही. एकदा विम्याचा कागद तिच्या हाती लागला, तर तिने अख्ख्या खानदानात फोन फिरवले, "पोरगा फ्रान्सला गेला आणि आम्हाला शेंगदाण्याचा दाणासुद्धा कळू दिला नाही!" कसला दाणा, ते तिलाच ठाऊक. आणि पलीकडे खाली रेइश मागूश नावाचं गाव, म्हणजे तारा बघत बघत बेथलेहेमला पोचलेले ते राजे. त्यांच्याकडे पिनकोड नव्हता. आमच्या कुरिअरच्या पोराच्या डोक्यावर उपग्रहांचा थवा आहे आणि तो आल्टोपाशी उभा आहे.

आत्याचा नातू मे महिन्यात आला होता. पणजीत फिरवताना म्हणाला, "काका, इथल्या रस्त्यांचे वाढदिवस असतात का?" मी खूश. अठरा जून रस्ता म्हणजे १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभा घेऊन सत्याग्रह पेटवला तो दिवस, हे छाती फुगवून सांगितलं. पुढे मळा नावाच्या भागाजवळ एकतीस जानेवारी रस्ता लागला. "आणि हा?" मी नुसताच खाकरलो. घरी येऊन शोधलं, तर १८९१ साली पोर्तुगालच्या पोर्तु शहरात राजाविरुद्ध झालेलं प्रजासत्ताकवाद्यांचं बंड निघालं. तेही फसलेलं! १९६१ साली पोर्तुगीज गेले, पण त्यांचं फसलेलं बंड पणजीतल्या आमच्या फोंतेन्यस वस्तीत अजून जागा अडवून बसलंय.

असो. पार्सल.

आमच्या गल्लीला नाव नाही. शेजारचे भाटकार अंकल कोणालाही पत्ता सांगतात तो असा: "जंय आंबो आशिल्लो, थंय दाव्यान वळ." जिथे आंबा होता तिथे डावीकडे वळ. आंबा तोडून जमाना झाला. नसलेल्या झाडापाशी माणसाने वळायचं कसं, असं मी त्यांना एकदा चिडून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "सगळ्यांक खबर आसा." सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी मी गेटवर जाऊन उभा राहिलो. चार वाजत आले. लांबून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंगा वाजला, पों पों, आणि त्याच्या सायकलमागून धडधडत कुरिअरची बाइक. पोदेर पाव मोजता मोजता म्हणाला, "हाका हांवें सांगलें, फ्रिजाकडे यो म्हूण."

"कुठल्या फ्रिजाकडे?"

त्याने हनुवटीने दाखवलं. आमच्या कुंपणाला टेकून उभा असलेला आमचाच जुना फ्रिज. कॉम्प्रेसर गेला तेव्हा भंगारवाल्यासाठी बाहेर काढला होता, त्याला दोन पावसाळे झाले. दारावर मुलीने लहानपणी चिकटवलेला गणपती अजून शाबूत, अंड्यांच्या कप्प्यात गंज, भाजीच्या ट्रेमध्ये शेजारच्या मांजरीचं तिसरं बाळंतपण. कुरिअरच्या पोराने मला मोबाइल दाखवला. त्याने आमची गल्ली साठवूनच ठेवली होती: 'फ्रिजवाली गली'. मासळीवाली आणि गॅसवालासुद्धा हेच म्हणतात, अशी माहिती पोदेराने वर फुकट दिली.

रात्री झोप नाही. दोनशे वर्षांनी कोणी विद्वान येईल आणि लिहील, 'फ्रिजवाडो' हा शब्द पोर्तुगीज 'फ्रियु' म्हणजे थंड यावरून आला असून इथे पूर्वी गार पाण्याची झर असावी. बायको म्हणाली, "तुझं नाव नाही ना त्यात, मग झोप."

पिल्लं मोठी होऊन पांगल्यावर भंगारवाला बोलावला. तीनशे रुपये देऊन त्याने फ्रिज टेम्पोत चढवला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग तेवढा उरला.

काल दुपारी दोनला फोन.

"सर, गली में आ गया. लेकिन फ्रिज किधर है?"

"अरे, जहाँ फ्रिज था ना," मी म्हटलं, "वहीं से बाएँ."