शिबिराची फी दोन हजार, पण बाकीचे कोण भरतंय?

आमच्या परळच्या संस्थेत दरवर्षी उन्हाळी नाट्यशिबिराच्या फीवरून तेच भांडण होतं. ज्येष्ठ सभासद म्हणतात, "आपण काय क्लास काढलाय का? दोन हजारांच्या वर जायचं नाही." मी खजिनदार, त्यामुळे पैशाचं बोलणारा वाईट माणूस मीच. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

समजण्यापुरते गोल आकडे घ्या. हॉलचं भाडं 24 हजार, दोन प्रशिक्षकांचे 36, मदतनीस 8, साहित्य-छपाई 7, शेवटच्या प्रयोगाचं स्टेज, लाइट, साउंड 15. झाले 90 हजार. बहुतेक संस्था इथेच थांबतात आणि भागाकार करून मोकळ्या होतात. पण ऑफिसचं लाइटबिल, ऑडिटची फी, फोन घेणाऱ्या ताईंचा पगार हे कुठून येतं? त्यातला शिबिराच्या वाट्याचा भाग 30 हजार धरा. एकूण एक लाख वीस. आणि भागायचं 25 ने नाही. जागा 25 असल्या तरी भरतात 20. म्हणजे एका मुलामागे 6 हजार. आपण घेतो दोन. खड्डा 80 हजारांचा.

हा खड्डा देणगीदार भरतात असं आपण अहवालात छापतो. थोडा भरतातही. बाकीचा भरतो तो शिकवणारा पोरगा, ज्याला "यंदा जरा सांभाळून घे रे" म्हणत निम्म्याहून कमी पैशांचं पाकीट दिलं जातं. सीएसआरवाल्यांना, म्हणजे समाजकार्यासाठी पैसे देणाऱ्या कंपन्यांना, नवा उपक्रम आणि फोटो हवे असतात, लाइटबिल नको असतं.

"आमच्या वेळी कसं चालायचं मग?" हा हमखास येणारा प्रश्न. चालायचं, खरंय. 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेने जे उभं केलं त्याचे आम्ही सगळे ऋणी आहोत. पण त्या काळात नाटक करणारे कितीतरी जण बँकेत, एलआयसीत, रेल्वेत होते. साडेपाचला सुटून तालमीला येत, आणि एक तारखेला पगार होई. रंगभूमीला सर्वात मोठं अनुदान त्या पगारानेच दिलं. आजचा पोरगा डोंबिवलीत भाड्याने राहतो, मालिकेचे एपिसोड, ऑडिशन आणि शिबिरं जोडून महिना काढतो. त्याच्या जिवावर आपण दानशूर कसे काय?

आता दुसरी बाजू. आमच्या एकाच शिबिरात बीडीडी चाळीतलं मूल असतं आणि गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधलंही. टॉवरमधले पालक स्केटिंग आणि कोडिंगला याच्या कैक पटींनी पैसे मोजतात. दोघांनाही दोन हजार लावले की सवलत कुणाला मिळाली? आणि चाळीतल्या ज्या आईला दोन हजारही जड आहेत, ती फॉर्मच नेत नाही. आपल्याला वाटतं, सगळ्यांना परवडतं.

माझं म्हणणं असं: फॉर्मवर खरा खर्च सरळ छापा, 6 हजार. शेजारी सवलतीची फी, 2 हजार. कारण विचारायचं नाही, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. आणि ज्यांना जमेल त्यांनी वर 1500 ऐच्छिक देणगी द्यावी, तिची पावती वेगळी. (फीवर देणगीची आयकर सवलत मिळत नाही, देणगीवर मिळते, तीही जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. आणि देणगी सक्तीची केली तर ती देणगी राहत नाही, हे आपल्या काही मंडळींना पाठ करायला लावायला हवं.) 20 मुलांत 8 जणांनी देणगीसह 7500 दिले, 7 जणांनी 6 हजार आणि 5 जणांनी 2 हजार, तर जमतात 1 लाख 12 हजार. खड्डा 8 हजारांचा. तो एक वाढदिवसाची देणगी भरून काढते.

लोक खोटं बोलतील का? काही बोलतील. गाडीतून उतरून सवलतीच्या रकान्यात टिक करतील. करू देत. एकाला पकडण्यासाठी पाच आयांना दाखला काढायला तहसील कार्यालयात पाठवणं मला मंजूर नाही.

फी वाढवताना जीएसटीही बघा. जुलै 2022 पासून कलाप्रशिक्षणाची सूट वैयक्तिक शिकवणाऱ्याला आहे, संस्थेला नाही. वर्षाची एकूण उलाढाल, करमाफ तिकिटं धरून, 20 लाखांच्या पुढे गेली की नोंदणी आणि 18 टक्के. नाटकाच्या तिकिटाला मात्र 500 रुपयांपर्यंत सूट आहे, म्हणून तर तिकिटाची गाडी पाचशेवर येऊन थांबते.

वार्षिक सभेत हा ठराव मी मांडणार आहे. विरोध जरूर करा, पण दोन हजारच ठेवायचे असतील तर त्या दोन प्रशिक्षकांना पाकिटात किती द्यायचे तो आकडाही ठरावातच लिहा.