सिक्युअर बूट चालू ठेवूनच लिनक्स बसवा: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

विद्यार्थ्यांच्या आणि सेतू केंद्रवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत लिनक्स, म्हणजे विंडोजला पर्याय असलेली सिस्टिम, बसवण्याबद्दल एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो, आणि तालुक्याचे दुरुस्तीवालेही तोच पुढे पाठवतात. आशय असा: "नवीन लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट असते. ते मायक्रोसॉफ्टचे कुलूप आहे, त्यावर लिनक्स बसत नाही. बसवायचेच असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा आणि लेगसी मोड लावा. तरीही लॅपटॉप लॉक होतो, 48 आकडी पासवर्ड मागतो, मग फॉर्मॅटशिवाय इलाज नाही. वायफाय चालत नाही, विंडोजचा अपडेट आला की लिनक्स उडते, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच."

यातली भीती हवेतून आलेली नाही. लोकांचे लॅपटॉप खरोखर अडकतात. पण मेसेजने कारणे चुकीची दिली आहेत, आणि त्यातला उपायच पुढचा बिघाड घडवतो. अहेरीच्या मुलाला लॅपटॉप दाखवायला चंद्रपूर गाठावे लागते, धारणीच्या मुलीला अमरावती. त्यांच्यासाठी हा सल्ला फार महागडा आहे. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे लिनक्सकडे वळणारे आता वाढणार. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"सिक्युअर बूट म्हणजे मायक्रोसॉफ्टचे कुलूप, लिनक्स बसतच नाही"

सिक्युअर बूटचे काम सही तपासण्याचे. लॅपटॉप सुरू होताना जी पहिली फाइल चालणार, तिच्यावरची डिजिटल सही फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, ज्याला लोक बायोस म्हणतात) साठवलेल्या किल्लीशी जुळली तर ती चालते, नाही तर थांबते. बहुतेक लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टची एक किल्ली विंडोजसाठी आणि दुसरी इतरांच्या सॉफ्टवेअरसाठी असते. लिनक्सची 'शिम' नावाची छोटी फाइल या दुसऱ्या किल्लीवर पास होते. शिमच्या आत उबुंटू, फेडोरा किंवा डेबियन अशा त्या त्या लिनक्स वितरणाची (तयार संचाची) स्वतःची किल्ली असते. तिच्यावर ग्रब, म्हणजे कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा प्रोग्रॅम, तपासला जातो आणि मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. उबुंटूत ही सोय 2012 च्या 12.10 पासून आहे, फेडोरात जानेवारी 2013 च्या आवृत्ती 18 पासून, डेबियनमध्ये जुलै 2019 च्या आवृत्ती 10 पासून. लिनक्स मिंट उबुंटूचेच सही केलेले शिम वापरते. म्हणजे मेसेजमधले हे वाक्य दहा वर्षांहून जास्त काळ खोटे आहे.

मग पेनड्राइव्ह लावल्यावर काही जणांना 'व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन' असे का दिसते? याची नेहमीची कारणे तीन. पेनड्राइव्ह व्हेंटॉयने (एकाच पेनड्राइव्हवर अनेक इन्स्टॉलर ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने) बनवला असेल तर व्हेंटॉयची स्वतःची किल्ली पहिल्यांदा एकदा नोंदवावी लागते. त्याच पडद्यावर ओके दाबून 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडा, व्हेंटॉयच्या विभागातली 'एनरोल धिस की' या शब्दांनी सुरू होणारी फाइल निवडा आणि रीबूट करा. दुसरे, काही नव्या लेनोवो थिंकपॅडमध्ये इतरांची किल्ली कारखान्यातूनच बंद असते. बायोसच्या सिक्युरिटी विभागात 'अलाऊ मायक्रोसॉफ्ट थर्ड पार्टी यूईएफआय सीए' चालू केले की काम होते. तिसरे, आर्चसारख्या काही वितरणांच्या इन्स्टॉलरवर सहीच नसते. नवख्याने मिंट किंवा उबुंटू घ्यावे, हे आमचे स्पष्ट मत.

मिंटच्या इन्स्टॉलरची फाइल (आयएसओ) जवळपास 3 जीबीची, उबुंटूची त्याच्या दुप्पट. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती दोन-चार दिवसांत उतरवावी लागते आणि मध्ये तुटते. म्हणून टोरंट वापरा, ते जिथे तुटले तिथून पुढे सुरू होते. पेनड्राइव्हवर टाकण्याआधी विंडोजच्या 'सर्टयूटिल' कमांडने फाइलचा शा-256 आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते दाखवणारा ठसा) काढून संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलरच्या मध्यात दगा देते, आणि दोष मात्र सिक्युअर बूटवर जातो.

"सिक्युअर बूट बंद करा आणि लेगसी लावा"

हा सल्ला विंडोज 7 च्या काळातला आहे. आजचे विंडोज यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने, जीपीटी या नव्या मांडणीच्या डिस्कवर बसलेले असते. लेगसी, म्हणजे जुनी बूट पद्धत, लावले की ते सुरूच होत नाही. त्याच अवस्थेत लिनक्स बसवले तर तेही जुन्या पद्धतीने बसते. मग एका डिस्कवरच्या दोन सिस्टिम दोन वेगळ्या मोडमध्ये राहतात आणि ग्रबच्या यादीतून विंडोज उघडत नाही. लोक म्हणतात 'विंडोज उडाले', पण ते जागेवरच असते. मोड परत यूईएफआय केला की सुरू होते.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, ही वेगळी गोष्ट आहे. इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' या इंटेलच्या खास मोडमध्ये असते. ती एएचसीआय या साध्या मोडवर आणावी लागते, पण थेट बदलली तर विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून थांबते. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून बूटखाली सेफ बूट लावा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग सेफ बूटची खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असे होऊ शकते, खात्याचा पासवर्ड पाठ असू द्या. आणि हे सगळे पुढच्या मुद्द्यातली तयारी झाल्यावरच.

"48 आकडी पासवर्ड मागतो, फॉर्मॅटशिवाय इलाज नाही"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केले आहे. हा आकडा बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की असते. विंडोज 11 असलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केले की बिटलॉकरचेच 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होते. मालकाला पत्ताही नसतो. डिस्क उघडण्याची किल्ली टीपीएम या लॅपटॉपमधल्या सुरक्षा चिपमध्ये असते, आणि चिप ती तेव्हाच देते जेव्हा सिक्युअर बूटची स्थिती पूर्वीसारखीच असते. तुम्ही सिक्युअर बूट बंद केले की स्थिती बदलली, चिपने किल्ली अडवली, आणि निळा पडदा आला. मेसेजवाल्याने सांगितलेला 'उपाय' केला म्हणूनच.

आत्ता या पडद्यापुढे बसला असाल तर फॉर्मॅट करू नका. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पूर्वीसारखे चालू करा. बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. नाही मिटला तर मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. खात्याच्या डिव्हाइसेस विभागात रिकव्हरी की ठेवलेली असते. निळ्या पडद्यावर 'की आयडी' दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे जुळणारी की टाका. लॅपटॉप दुकानदाराच्या किंवा भावाच्या खात्याने सुरू केला असेल तर की त्यांच्या खात्यात सापडेल. एकच गोष्ट कदापि करू नका: बायोसमधला 'क्लिअर टीपीएम' पर्याय. चिपमधली किल्ली पुसली आणि रिकव्हरी कीही नसेल, तर डेटा खरोखरच गेला.

लिनक्स अजून बसवायचे असेल तर तयारी अशी करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा. चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, लॅपटॉपमध्येच फोटो ठेवून उपयोग नाही. महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असले की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धे झोपते, आणि लिनक्सला तो ड्राइव्ह लिहिण्यासाठी मिळत नाही.

मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर 'श्रिंक व्हॉल्यूम' करून निदान 40 जीबी, म्हणजे 40960 एमबी, मोकळे करा. जमल्यास 60 जीबी. त्या जागेचा नवा ड्राइव्ह बनवू नका, 'अनअ‍ॅलोकेटेड' राहू द्या. भरपूर जागा असूनही श्रिंक थोडीच जागा देत असेल, तर हायबरनेट फाइल किंवा पेज फाइल मध्ये अडलेली असते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत), पेज फाइल तात्पुरती काढा, रीस्टार्ट करून पुन्हा पाहा. हे काम लिनक्सच्या इन्स्टॉलरकडून करून घेऊ नका, बिटलॉकरने कुलूपबंद केलेले पार्टिशन (डिस्कचा भाग) त्याला लहान करता येत नाही. आणि लाईनचा भरवसा नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून, चार्जर लावूनच बसा. पार्टिशन सरकत असताना लॅपटॉप बंद पडणे हा खरा धोका आहे. बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप असेल तर तो इन्व्हर्टरवर घ्या.

इन्स्टॉलरमध्ये हाताने पार्टिशन निवडताना मोकळ्या जागेवर एक्स्ट4 (लिनक्सची नेहमीची मांडणी) पार्टिशन करून त्याला '/' द्या. 100 किंवा 260 एमबीचे जे ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा छोटा भाग) आधीपासून आहे तेच वापरा, आणि त्यापुढची 'फॉर्मॅट' खूण रिकामी ठेवा. ती खूण पडली की विंडोजचा बूटलोडर पुसला जातो. उबुंटू-मिंटसाठी ते 100 एमबी पुरतात, कारण कर्नल तिथे ठेवले जात नाहीत.

बसवून झाल्यावरही एक खाचखळगा आहे. ग्रबच्या यादीतून विंडोज उघडले तर बिटलॉकर कधी कधी पुन्हा की मागतो, कारण मध्ये शिम चालल्याची नोंद टीपीएममध्ये होते. तेव्हा विंडोज फर्मवेअरच्या बूट मेनूतून उघडा: डेल आणि लेनोवोवर एफ12, एचपीवर एफ9, असूसवर एस्केप.

"वायफाय चालत नाही"

बऱ्याच लॅपटॉपवर ते पहिल्या मिनिटापासून चालते. अडतात ते कर्नलबाहेरचे ड्रायव्हर: जुन्या एचपी-डेलमधले ब्रॉडकॉमचे काही वायफाय कार्ड, आणि एनव्हिडियाचे ग्राफिक्स. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल सही नसलेला ड्रायव्हर नाकारतो आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असा संदेश देतो. यासाठी मोक, म्हणजे मालकाची स्वतःची किल्ली, ही सोय आहे. इन्स्टॉलरमध्ये थर्ड पार्टी ड्रायव्हरवर खूण केली की तो सिक्युअर बूटसाठी निदान आठ अक्षरी पासवर्ड मागतो. साधा, इंग्रजी अक्षरांचा ठेवा, एकदाच लागतो. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो आणि तो फक्त दहा सेकंद थांबतो. इथेच लोक चुकतात. लगेच एखादे बटण दाबा, मग 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, 'रीबूट'. 'कंटिन्यू बूट' निवडले किंवा वेळ निघून गेली तर किल्ली नोंदली जात नाही आणि वायफाय बंद राहते. काही बिघडत नाही: टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' द्या, नवा पासवर्ड ठेवा, रीस्टार्ट करा, पडदा पुन्हा येईल. तोवर मोबाइल डेटा केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

एक उणीव मात्र खरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. सिक्युअर बूट चालू असताना या वितरणांचे कर्नल हायबरनेट होऊ देत नाही. सस्पेंड चालते. जिथे लाईन तासन् तास जाते तिथे बॅटरी संपण्याआधी काम जतन करून लॅपटॉप बंद करावा लागेल.

"वॉरंटी जाते"

वॉरंटी पडदा, कीबोर्ड, बोर्ड यांची असते, आणि दुसरी सिस्टिम बसवल्याने यांना काही होत नाही. सर्व्हिस सेंटरवाले डिस्क पुसून देऊ शकतात, म्हणून बॅकअप तुमच्याकडे हवा. सोबत आलेल्या विंडोजची लायसन्स की फर्मवेअरमध्येच असते, पुन्हा बसवले तरी ती आपोआप लागते. सेतू केंद्राच्या लॅपटॉपबद्दल वेगळे सांगतो: बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीचे टोकन यांची कामे विंडोजवर बसलेली आहेत. विंडोज ठेवाच, आणि पीक विम्याच्या किंवा प्रवेशाच्या गर्दीत या कामाला हात लावू नका.

"विंडोजचा अपडेट आला की लिनक्स उडते"

बहुतेक वेळा अपडेटने फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये उबुंटू वर घेतले की झाले. एसरवर क्रम बदलूनही ग्रब येत नसेल तर बायोसला सुपरवायझर पासवर्ड लावा, 'सिलेक्ट अ‍ॅन यूईएफआय फाइल अ‍ॅज ट्रस्टेड' मधून उबुंटू फोल्डरातली शिमची फाइल निवडा. तो पासवर्ड लिहून ठेवा, विसरलात तर बायोस बंद.

एकदा मात्र चूक खरोखर मायक्रोसॉफ्टची होती. 13 ऑगस्ट 2024 च्या अपडेटने जुन्या शिमवर बंदी आणली आणि ती दोन सिस्टिम असलेल्या लॅपटॉपवरही लागू झाली. लिनक्स सुरू होताना 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा संदेश यायचा (एसबॅट म्हणजे बंदी घातलेल्या जुन्या आवृत्त्या ओळखण्याची सोय). मे 2025 च्या अपडेटमध्ये हे निस्तरले. आजही हा संदेश दिसला तर आधी रिकव्हरी की हाताशी घ्या, सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा, लिनक्समध्ये जाऊन 'सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट' द्या, एकदा रीस्टार्ट करून लिनक्सचे सगळे अपडेट घ्या, आणि सिक्युअर बूट परत चालू करा. 'मोकयूटिल --एसबी-स्टेट' दिल्यावर 'एनेबल्ड' आले म्हणजे जमले. पेनड्राइव्हवर जुने आयएसओ पडून असेल तर तेही बदला, त्यातले जुने शिम याच कारणाने अडते.